लघुग्रहाची सावली व आमची प्रयोगवही

गतवर्षीच्या पौष महिन्यातील गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते. काटोल रस्त्यावरील एका पालकांच्या संत्र्याच्या बागेत, खळ्याच्या सपाट जागेवर शाळेची सहा इंची दुर्बीण मांडून इयत्ता नववीचे अकरा विद्यार्थी व आम्ही कुडकुडत उभे होतो. शेकोटी पेटवू नये अशी आमची सक्त ताकीद होती, कारण उजेडाने डोळे दिपतात व धुरामागे तारा थरथरू लागतो. बागेच्या मालकांस ही ताकीद मुळीच पटली नव्हती. "एवढ्या थंडीत पोरांना बिनाआगीचे उभे करता जी, अन् पाहता काय, तर तारा विझताना!" असे ते दोनदा म्हणून गेले, आणि तिसऱ्या खेपेस चहाची किटली घेऊन आले.

आमची अपेक्षा अशी होती की, ठरल्या मिनिटास एक लघुग्रह एका मंद ताऱ्यासमोरून जाईल, आणि तो तारा तीन सेकंद, फार तर चार सेकंद, दिसेनासा होईल. शाळेच्या दुर्बिणीपाशी एक मुलगा होता. दहा हातांवर, उसन्या आणलेल्या दुसऱ्या दुर्बिणीपाशी एक मुलगी होती. आम्ही हातात घड्याळ धरून मोठ्याने सेकंद मोजीत होतो. वेळ आली तशी मुलगा ओरडला, "गेला, सर!" आणि लगेच, "आला!" सर्व मुलांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या थांबल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझा नाही गेला."

आता सांगावयास लाज वाटते, परंतु तोवर आमच्या हाताने वहीत "२ सेकंद" असे लिहूनही टाकले होते. लघुग्रहाची सावली कोसच्या कोस रुंद असते. ती दहा हातांवर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकास झाकील व दुसऱ्यास वगळील हे संभवतच नाही. तेव्हा दोघांपैकी एकाची चूक होती, आणि कोणाची असावी याविषयी आमचे मन आधीच पक्षपाती झाले होते. मुलास बाजूस घेऊन विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "सर, सगळे इतक्या दुरून आले, म्हणून मला वाटले की गेलाच असेल."

प्रस्तुत लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहोत. पालकांनी तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे, कारण यातील दोष त्या मुलाचा नसून बहुतांशी आमचा, म्हणजे शिक्षकांचा, व थोडाबहुत आपलाही आहे.

प्रथम त्या रात्री आम्ही काय पाहावयास गेलो होतो ते सांगितले पाहिजे. एक ज्योती दुसरीच्या आड जाणे यास आपल्या पंचांगांत पिधान किंवा पिधानयुती म्हणतात. चंद्र आपल्या वाटेवर कधी रोहिणीस, कधी मघेस, कधी चित्रेस किंवा ज्येष्ठेस झाकतो, हे पंचांग चाळणाऱ्या आजोबांस ठाऊक असते. चंद्र मोठा आणि जवळ, त्यामुळे त्याचे पिधान अर्ध्या देशास दिसते. लघुग्रहाची गोष्ट निराळी. मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणारे हे खडक बहुतेक इतके लहान आहेत की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. असा एखादा ठिपका ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याच्या प्रकाशात त्याची सावली पृथ्वीवर पडते. तारा अतोनात दूर, म्हणून त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, आणि सावली लघुग्रहाच्याच मापाची पडते. साठ किलोमीटरचा खडक असेल तर साठ किलोमीटरची सावली. ही सावली सेकंदास साधारण १५ किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे नागपुराहून निघाली तर एका सेकंदात कामठीस पोहोचते. तिच्या पट्ट्यात जो उभा असेल त्यास तारा विझलेला दिसेल. पट्ट्याबाहेरील मनुष्यास काहीच दिसणार नाही.

मग ती कोठे पडणार हे आधी कसे सांगावे? येथे गणिताची खरी कसोटी लागते. लघुग्रह पृथ्वीपासून सूर्याच्या दुप्पट अंतरावर आहे असे समजू. आकाशात त्याचे स्थान सांगताना एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची, चूक झाली, तर जमिनीवर सावली सुमारे १४५० किलोमीटर सरकते. नागपुराहून कन्याकुमारी जवळजवळ इतकीच दूर आहे. म्हणजे एका विकलेची चूक करणारा ज्योतिषी आम्हांस काटोल रस्त्यावर उभे करील, आणि तारा मात्र कन्याकुमारीच्या कोळ्यांच्या डोक्यावर विझेल!

पहिला लघुग्रह सेरेस हा १८०१ च्या १ जानेवारीस सिसिली बेटातील पालेर्मो येथे पियाझी यांस सापडला, आणि काही आठवड्यांतच सूर्याच्या उजेडात हरवला. तो पुन्हा कोठे उगवेल हे कोणास सांगता येईना. तेव्हा गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने थोड्याशा वेधांवरून त्याची कक्षा काढली, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री सेरेस गणिताने दाखविलेल्या जागेच्या जवळच मिळाला. आपल्या देशाचा या कामाशी संबंध फार लवकर आला. मद्रासच्या वेधशाळेत पॉग्सन यांनी १८६१ च्या १७ एप्रिलला एक लघुग्रह शोधला व त्यास 'एशिया' हे नाव दिले. असे असूनही लघुग्रहाने तारा झाकल्याचे प्रत्यक्ष पाहण्यास १९५८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या १९ फेब्रुवारीस स्वीडनमधील माल्मो येथे दोघा निरीक्षकांनी जूनो या लघुग्रहामागे एक तारा जाताना पाहिला. त्यानंतरची नोंद आपल्या भारतातील. १९६१ च्या २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या रात्री, नैनितालच्या राज्य वेधशाळेत पॅलस या लघुग्रहाने केलेले पिधान प्रकाशविद्युत यंत्राने टिपले गेले. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट कोठेही नाही, आणि म्हणूनच ती येथे मुद्दाम नमूद करतो.

आजचे भाकीत त्या काळापेक्षा कितीतरी पटींनी नेमके झाले आहे. हिपार्कस या यानाने १९८९ ते १९९३ या अवधीत घेतलेल्या वेधांवरून एक लाख अठरा हजारांवर ताऱ्यांची स्थाने मिळाली. पुढे २०१३ च्या अखेरीस सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थाने इतक्या बारकाईने दिली की पूर्वी कन्याकुमारीस जाणारी सावली आता पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यात कोठे उतरेल ते सांगता येते.

भाकीत हा शब्द आला की आमच्या गावात लोकांस लगेच पत्रिका आठवते. ग्रहांचे भाकीत करणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक असे सांगतो की ते कधी चुकीचे ठरवताच येऊ नये. दुसरा मिनिट, सेकंद व गाव सांगून मोकळा होतो, आणि चुकला तर सगळ्यांदेखत चुकतो. महाराष्ट्रात या दुसऱ्या परंपरेचे जे मोठे पुरुष झाले त्यांपैकी कित्येक शिक्षक होते, हे आम्ही जरा अभिमानानेच लिहितो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत आणली. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित शाळामास्तर होते. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. त्यांनी १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषपरिषदेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयी आपला तर्क छापून दिला. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह एका जागी नसतील तर पंचांग सुधारावे, आकाश सुधारू नये, एवढा एक आग्रह या मंडळींनी धरला, आणि त्यासाठी लोकांचा रोषही पत्करला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या शाळांतील प्रयोगवहीत नेमके याच्या उलट चालते. तेथे आकाश सुधारले जाते.

पालकांनी आपल्या पाल्याची वही उघडून लंबकाचा प्रयोग पाहावा. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ किंवा ९.८१ असे असेल, आणि वर्गातील सर्वांचे तेच असेल. दोऱ्याची लांबी निराळी, मोजणारा हात निराळा, कोणाचा लंबक भिंतीस घासत असेल, तरी उत्तर एक. हे कसे घडते ते आम्हांस ठाऊक आहे, कारण विद्यार्थी असताना आम्हीही तेच केले आहे. उत्तर आधी लिहावयाचे, मग त्यावरून उलट गणित करून दोलनांचे सेकंद भरावयाचे. यातील मौज अशी की ९.८१ हे मूल्य लंडन-पॅरिसच्या अक्षांशांस शोभणारे आहे. नागपूर विषुववृत्ताच्या बरेच जवळ आणि समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांवर; येथील खरे मूल्य सुमारे ९.७९ आहे. एखाद्या मुलाने प्रामाणिकपणे लंबक हलवून ९.७९ काढले, तर त्यास "जवळ आले, पण नीट कर" असे सांगून आपण लंडनकडे वळवितो, आणि त्या आज्ञाधारकपणाचे गुण देतो. अशा शाळेतील मुलगा रात्री दोन वाजता "गेला, सर!" असे ओरडला तर नवल ते काय? सरांस काय ऐकावयाचे आहे हे ओळखणे, हेच तर त्यास नऊ वर्षे शिकविले.

लघुग्रहाचे पिधान या रोगावर औषध आहे असे आमचे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे, कारण तेथे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. भाकीत असते, पण ते पट्ट्याच्या कडेस डळमळीत असते. शिवाय येथे "नाही" या उत्तरास "होय" इतकीच किंमत असते, आणि हे विद्यार्थ्यांस नीट समजावून दिले पाहिजे. समजा, सावली पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत आहे. रामटेक, कामठी, नागपूर, बुटीबोरी, वर्धा, हिंगणघाट अशा उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेल्या गावी एकेक दुर्बीण ठेवली. रामटेकपासून हिंगणघाटापर्यंत उत्तर-दक्षिण अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास भरते. कामठीस तारा दोन सेकंद विझला, नागपुरास चार, बुटीबोरीस पुन्हा दोन, आणि रामटेक व वर्ध्यास मुळीच नाही, तर कागदावर या तीन रेघा ओढा. त्या खडकाची आकृती डोळ्यांसमोर उभी राहील. परंतु ती वर आणि खाली कोठे संपते हे सांगणारे कोण? ज्यांनी काहीच पाहिले नाही ते रामटेकचे व वर्ध्याचे निरीक्षक! त्यांनी कामठीवाल्यांच्या आनंदात सामील होऊन "आम्हांसही एक सेकंद गेल्यासारखे वाटले" असे लिहिले, तर करोडो किलोमीटर दूर असलेला तो खडक दोन्ही बाजूंस फुगेल. खोट्या उत्तराने लंबकाचे काही बिघडत नाही, पण येथे एका मुलाच्या भिडेने एक आकाशस्थ वस्तू वाकडी होते.

ही केवळ कल्पना नव्हे. नेपच्यूनच्याही पलीकडे असलेल्या अॅरोकॉथ या पिंडाकडे यान पाठवावयाचे होते, म्हणून २०१७ मध्ये त्याच्या पिधानांवर मोठ्या मोहिमा झाल्या. जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेत व अर्जेंटिनात दुर्बिणींच्या रांगा लावल्या; एकासही तारा विझलेला दिसला नाही. ते सर्व लोक रिकाम्या हाताने परतले, पण त्यांनी "नाही" असेच लिहिले. पुढे १७ जुलैस अर्जेंटिनाच्या पाटागोनिया प्रांतात पुन्हा चोवीस दुर्बिणी मांडल्या. तेथील वारा भयंकर. तेव्हा वाऱ्यास आडोसा म्हणून ट्रकचालकांनी आपले ट्रक उभे केले, नगरपालिकेने रस्त्यावरचे दिवे मालविले, महामार्ग दोन तास बंद ठेवला. त्या रात्री पाच दुर्बिणींस सावली सापडली, आणि त्यावरून तो पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा असे दिसले. २०१९ च्या १ जानेवारीस न्यू होरायझन्स यान जवळून गेले तेव्हा तो तसाच निघाला. आमच्या शहरात एका रात्री एका चौकाचे दिवे मालवून घेता आले तर पाहावे, असा विचार ही हकीकत वाचताना आमच्या मनात येऊन गेला.

अनपेक्षित गोष्ट जशीच्या तशी लिहून ठेवण्याचे फळ आपल्या देशानेही चाखले आहे. १९७७ च्या १० मार्चला युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जावयाचा होता. तामिळनाडूतील कावलूर येथे भट्टाचार्य व कुप्पुस्वामी हे वेध घेत होते. अपेक्षित वेळेच्या आधीच तारा काही सेकंद मंदावला. यंत्र बिघडले असे म्हणून ती खूण पुसून टाकणे सोपे होते. त्यांनी ती ठेवली. प्रथम हा एखादा नवा उपग्रह असावा असे त्यांस वाटले. नंतर इतर ठिकाणचे वेध ताडून पाहता ती युरेनसची कडी होती असे ठरले. तर्क बदलला, पण नोंद तीच राहिली.

"याचा उपयोग काय?" असे एका पालकांनी आम्हांस विचारले होते. प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांस लोणारची आठवण दिली. आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खळगा आहे, तो असाच एक पिंड आदळून झाला. असे पिंड कोठून कोठे जातात हे नेमके ठाऊक असणे बरे. अॅपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरांचा खडक २०२९ च्या १३ एप्रिलला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या बत्तीस हजार किलोमीटरांवरून जाईल. तो नजीकच्या शंभर वर्षांत आदळणार नाही अशी खात्री २०२१ मध्ये झाली. ती मुख्यतः रडारच्या वेधांनी झाली; पण त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेत हौशी मंडळींनी त्याची काहीशे मीटरांची चिमुकली सावली पकडून त्याची कक्षा अधिक बांधीव केली, हेही खरे. ही मंडळी पगारी ज्योतिषी नव्हती.

आता अडचणी. ढग ही पहिली. २०१४ च्या २० मार्चला एरिगोनी नावाचा लघुग्रह साक्षात मघा ताऱ्यास झाकणार होता, सावली न्यूयॉर्क शहरावरून जाणार होती, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा प्रसंग. आणि ऐन वेळी आभाळ भरून आले. त्यावर उपाय नाही. नागपुरास आश्विनापासून फाल्गुनापर्यंत आकाश बरेच उदार असते, एवढेच समाधान. दुसरी अडचण वेळेची. सावली सेकंदास पंधरा किलोमीटर धावते, म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकले तर नागपूरची रेघ पंधरा किलोमीटर सरकते. मनगटी घड्याळ येथे कुचकामी. उपग्रहांवरून मिळणारी वेळ घ्यावी, आणि साधल्यास डोळ्याऐवजी कॅमेरा लावावा. कॅमेऱ्यास सरांची भीड पडत नाही. परंतु प्रथम डोळ्यानेच पाहावे असे आम्हांस वाटते, कारण आम्हांस खडकाइतकाच मुलगाही मोजावयाचा आहे.

तिसरी अडचण पालकांची. रात्री बाहेर पाठवावयाचे, थंडी, पुढे दहावी, आणि विशेषतः मुलींना कसे पाठवावे. ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच गतवर्षी प्रत्येक मुलीबरोबर घरचे कोणीतरी यावे असा नियम केला, आणि आलेल्यांपैकी दोघी माता शेवटी दुर्बिणीपाशी आमच्यापेक्षा अधिक वेळ उभ्या होत्या. परीक्षेत या रात्रीचे गुण नाहीत, ही तक्रार मात्र आम्ही मान्य करीत नाही. गुण नाहीत म्हणूनच तेथे खरे बोलणे जमते.

आमची सूचना थोडक्यात अशी. वर सांगितलेल्या गावांतील शाळांनी, मग त्या मिशनच्या असोत, जिल्हा परिषदेच्या असोत वा खाजगी, हिवाळ्यात एका रात्रीपुरती एक रांग करावी. प्रत्येकीने एक दुर्बीण, दोन विद्यार्थी, एक शिक्षक द्यावा. दोन विद्यार्थी एवढ्यासाठी की, दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर लिहावे, आणि शिक्षकाने ते दोन्ही कागद, विसंगत असले तरी, तसेच पाठवावेत. आमच्या शाळेतील प्रयोगवहीचे गुण देण्याच्या पद्धतीतही यंदा आम्ही स्वतःपुरता फरक केला आहे: लंबकाचे उत्तर ९.८१ आणणाऱ्यास आम्ही प्रथम त्याचे कच्चे आकडे मागतो. काही सहकाऱ्यांस हे खोडसाळपणाचे वाटते. वाटो.

त्या रात्रीच्या वहीत "२ सेकंद" ही अक्षरे आम्ही पुसली नाहीत. त्यांवर एक रेघ ओढून खाली लिहिले: "तारा विझला नाही. एका निरीक्षकाची नोंद त्याच्या सांगण्यावरून मागे घेतली." त्याखाली मुलाने आपण होऊन सही केली. यंदा तो घड्याळ सांभाळणार आहे, आणि दुर्बिणीपाशी ती मुलगी असेल.

लघुग्रहांच्या यादीतील जे पहिले पिधान मार्गशीर्षात किंवा पौषात आपल्या पट्ट्याजवळ येईल, त्याची तारीख शाळेच्या फलकावर लावली जाईल. सावली नागपुरास चुकवून हिंगणघाटावरून जाणार असली तरी आम्ही बागेत जाणारच आहोत. कडेबाहेरचा "नाही" कोणीतरी लिहावयास हवा. येणाऱ्यांनी स्वेटर व कानटोपी आणावी. चहा मिळेल. शेकोटी मिळणार नाही.